कार्डाची मागची बाजू

नवे दुकान थाटले की आपल्याकडे दोन कामे ठरलेली असतात. पाटी रंगवायची आणि व्हिजिटिंग कार्ड छापून घ्यायचे. पाटी दुकानावर चढते आणि ऊन-पाऊस सोसत आपले काम करत राहते. कार्डांचे नशीब वेगळे. हजारांचा गठ्ठा येतो, पहिल्या आठवड्यात शे-दीडशे कार्डे वाटली जातात, त्यातली निम्मी दोस्तांना आणि नातेवाइकांना, म्हणजे ज्यांना दुकान आधीच ठाऊक असते त्यांना. बाकीची गल्ल्याच्या खणात पडून राहतात. मोबाइल नंबर बदलला की ती रद्दीत जातात, नाहीतर घरातली लहान मुले त्यांचे मनोरे रचतात.

या सदरात आम्ही धंद्यातल्या लहानसहान गोष्टींवर लिहीत असतो. या वेळी कार्ड घेतले, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या दुकानाची एकुलती एक जाहिरात तीच असते. शहाद्याचा गॅरेजवाला काही टीव्हीवर जाहिरात देणार नाही. तळोद्याचा शिंपी चौकात फ्लेक्स लावेल, तर तो महिन्याभरात फाटेल. कार्ड मात्र काही शेकडा रुपयांत हजार मिळतात आणि गिऱ्हाइकाच्या घरात वर्षानुवर्षे राहू शकतात. राहू शकतात, पण राहत नाहीत.

का राहत नाहीत, याचे उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिले गेले. त्यामुळे कार्ड म्हणजे काय हे नंदुरबार जिल्ह्यात कोणाला समजावून सांगायला नको. आधार, रेशन कार्ड, जॉब कार्ड, दवाखान्याचे कार्ड, सगळी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या तळाशी किंवा खुंटीला जपलेली असतात. लोक ती का जपतात? कारण त्यांच्यावर स्वतःचे नाव असते आणि ती दाखवली की काहीतरी काम होते. दुकानाच्या कार्डावर नाव दुकानदाराचे असते. ते दाखवून गिऱ्हाइकाला काही मिळत नाही. मग त्याने ते का सांभाळावे?

म्हणून आमचे म्हणणे इतकेच आहे की कार्डाची पुढची बाजू तुमची असू द्या, मागची गिऱ्हाइकाला द्या. मागे त्याचे नाव, त्याचे माप, त्याची तारीख, त्याच्या कामाचा हिशोब येऊ द्या. हे करायचे तर एक गोष्ट छापखान्यात आधीच सांगावी लागते. हल्ली कार्डावर दोन्ही बाजूंनी चकचकीत लॅमिनेशन करून देण्याची पद्धत पडली आहे. दिसायला ते छान, पण त्यावर पेनाची शाई धरत नाही, बोट फिरवले की पुसते. मागची बाजू लॅमिनेशनशिवाय ठेवा, असे स्पष्ट सांगा आणि नमुन्याच्या कार्डावर दुकानातल्याच पेनने लिहून पाहा. छापखानेवाला म्हणेल, साधे दिसेल. दिसू द्या.

आता एकेका धंद्यात हे कसे बसते ते पाहू. गॅरेजचे सर्वांत सोपे. मोटारसायकलचे ऑइल बदलले की कार्डामागे गाडीचा नंबर, आजची तारीख, मीटरवरचे किलोमीटर आणि पुढचे ऑइल कधी, एवढे लिहून द्यायचे. कार्ड गाडीच्या कागदपत्रांबरोबर राहते. पुढच्या खेपेला माणूस तेच कार्ड घेऊन येतो, कारण त्यावर त्याच्या गाडीची सगळी माहिती आहे. शहादा-तळोदा भागात केळी, पपई, ऊस यांच्या बागा विहिरी आणि बोअरच्या पाण्यावर उभ्या असतात. तिथे मोटार वाइंडिंग करणाऱ्याने कार्ड खिशात द्यायचेच नाही. कार्डाच्या मापाचे स्टिकर करायचे आणि मोटार जोडून झाली की स्टार्टरच्या पेटीला आतून चिकटवायचे. त्यावर मोटार किती हॉर्सपॉवरची, वाइंडिंग कोणत्या तारखेला भरली, आणि मोठ्या अक्षरांत फोन नंबर. भर एप्रिलमध्ये रात्री मोटार बंद पडते तेव्हा शेतकरी पाकीट शोधत बसत नाही, आधी स्टार्टरची पेटी उघडतो.

गादी भरणाऱ्या मन्सुरी बांधवांना कागदाचे कार्ड फारसे उपयोगाचे नाही. त्यांनी कापडाची छोटी पट्टी छापून घ्यावी आणि गादीच्या शिवणीत टाकावी. भरल्याची तारीख, कापूस किती किलो, नंबर. गादी पुन्हा पिंजायला निघेपर्यंत पट्टी जागची हलत नाही.

शिंप्याचे प्रकरण जरा खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे. प्रत्येक शिंप्याकडे मापांची वही असते. तेच माप कार्डामागे लिहून गिऱ्हाइकाला द्यावे. लांबी, छाती, खांदा, बाही, गळा, खाली पायजम्याची कंबर आणि मोहरी. या जिल्ह्यातून किती माणसे कामासाठी गुजरातेत जातात हे आपण जाणतो. ऊसतोडीला जातात, सुरतेला कारखान्यांत जातात, ईदच्या किंवा होळीच्या दोन दिवस आधी घरी परततात. अशा माणसाचे माप कार्डावर असेल तर त्याची बहीण महिनाभर आधी कापड आणून देऊ शकते, किंवा तो तिकडूनच कार्डाचा फोटो पाठवून कपडे शिवायला टाकू शकतो. यावर बहुतेक शिंपी एकच शंका काढतात. माप त्याच्या हातात दिले तर तो दुसऱ्या दुकानात जाईल. आम्हाला ही भीती फार मोठी वाटत नाही. आकडे तेच असले तरी प्रत्येक कारागीर ढिलाई वेगळी सोडतो, खांद्याचा उतार वेगळा कापतो. त्या आकड्यांतून नेमका तसाच कुर्ता तुमच्याच हातून निघतो. आणि ज्याला जायचे आहे तो कार्ड नसतानाही जातोच.

मणियारांसाठी आम्हाला एक कल्पना फार आवडते. बांगडीचे माप आपण दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ असे बोलतो. दोन-चार म्हणजे आतला व्यास दोन इंच आणि वर एका इंचाचे चार सोळांश, म्हणजेच सव्वादोन इंच. दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि तीन अष्टमांश, दोन-आठ म्हणजे अडीच इंच. कार्डाची लांब कड साडेतीन इंचांची असते. त्या कडेवर कोपऱ्यापासून मोजून चार खुणा छापल्या की कार्डच बांगडीची मोजपट्टी होते. घरातली जुनी बांगडी कार्डावर ठेवायची, आतली एक बाजू कोपऱ्याशी आणि दुसरी ज्या खुणेला येईल ते माप. सासूसाठी किंवा लेकीसाठी अंदाजाने बांगड्या नेऊन परत आणायचा खेळ थांबतो. होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, तेव्हा बांगड्या, कपडे, दागिने यांची मोठी खरेदी होते. त्या गर्दीत असे कार्ड हातात पडलेली बाई ते फेकणार नाही. एकच खबरदारी घ्यावी. छापून आल्यावर खुणा पट्टीने मोजून पाहाव्यात. छापताना नक्षी एक-दोन मिलिमीटर जरी लहान झाली तरी दोन-चारचे दोन-दोन होते.

अत्तरवाल्यांनी तर कार्डाला काही छापायचीही फार गरज नाही. जाड, कोरा, शाई शोषणारा कागद घ्यावा, रबरी शिक्क्याने नाव-नंबर उठवावा आणि देताना एका कोपऱ्यावर गिऱ्हाइकाच्या पसंतीचा थेंब लावून त्याच अत्तराचे नाव बाजूला लिहावे. खिशात दोन दिवस वास राहतो आणि पुढच्या वेळी 'ते मागचे कोणते होते' हा प्रश्न पडत नाही.

बावर्ची चाचांच्या कार्डामागे हिशोब छापता येतो. एक किलो तांदळाची बिर्याणी साधारण ८ ते १० जणांना पुरते, तर शंभर पाहुण्यांना तांदूळ किती, गोश्त किती, दही-कांदा किती, लाकूड किंवा गॅस किती. निकाहाच्या घरात हा हिशोब दहा वेळा मांडला जातो, दहाही वेळा वेगळा येतो. तो कार्डावर असेल तर कार्ड कपाटाच्या दाराला चिकटते. बेकरीवाल्यांनी ईदच्या आधी, लोक घरचे नानखटाईचे पीठ भाजायला आणतात तेव्हा, कार्डच टोकन म्हणून द्यावे. मागे नाव, ट्रे किती, यायची वेळ. भट्टीपुढची भांडणे निम्मी होतात.

खाण्याच्या पदार्थांबाबत एक सावधगिरी. घरगुती तिखट-मसाला विकणाऱ्यांपैकी काहीजण कार्ड थेट पुडीत टाकतात. नंदुरबारची मिरची सगळ्या महाराष्ट्रात जाते, तिच्या पुडीत छपाईची शाई नको. कार्ड बाहेरच्या पिशवीत टाका किंवा वरून स्टेपल करा. पाकीटबंद माल विकत असाल तर १४ अंकी अन्न परवाना किंवा नोंदणी क्रमांक पाकिटावर लागतोच, तो कार्डावरही छापावा. दुकानदार माल ठेवून घेण्याआधी हल्ली तो विचारतात.

इथपर्यंतचे सगळे सोपे होते. यापुढचे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते आणि घरात बसून सगळ्यांनी मिळून ठरवण्यासारखे आहे.

मोहल्ल्यामोहल्ल्यांत आपल्या भगिनी घरी राहून शिवण करतात, मेहंदी काढतात, केक, शेवया, मसाले करतात. कार्ड छापायची वेळ आली की प्रश्न येतो, नंबर कोणाचा? बहुतेक घरांत शौहरचा किंवा भावाचा नंबर जातो. गिऱ्हाईक फोन करते तेव्हा तो कामावर असतो. 'घरी गेल्यावर विचारून सांगतो' म्हणतो आणि विसरतो. ब्लाऊज परवा हवा होता, तो दुसरीकडे शिवायला जातो. भाव काय ठरला, कोणी विचारले, कोण पुन्हा आले, यातले काहीच करणारीच्या हातात राहत नाही. आणि खुदा न करो, घरातला कमावता माणूस गेला, तर रिचार्ज न झालेला त्याचा नंबर काही महिन्यांत बंद पडतो. ज्या दिवसांत त्या चार पैशांची सर्वांत जास्त गरज, नेमके त्याच दिवसांत गिऱ्हाइके बंद नंबर लावत बसतात.

दुसरी बाजूही खरी आहे. बाईचा नंबर हजार कार्डांवर छापला की नको ते फोन येतात, रात्री-अपरात्री मेसेज येतात. ही भीती फुकाची आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण तिच्यावर उपाय नाही असेही नाही. कामासाठी वेगळे सिम घ्यावे, ते तिच्याच नावावर असावे. त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस चालवावे. कामाच्या वेळा, कामाचे फोटो, भाव सगळे त्यात मांडून ठेवता येते आणि वेळेनंतर आलेल्या मेसेजला आपोआप उत्तर जाते. प्रोफाइलवर स्वतःचा नव्हे, कामाचा फोटो ठेवावा. व्हॉट्सॲपवर अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय आहे, मेसेज तरीही येतात. कार्डावर 'फक्त महिलांसाठी' आणि 'फक्त मेसेज करावा, वेळ १० ते ५' असे छापावे. घराचा पूर्ण पत्ता देऊ नये, मोहल्ल्याचे नाव आणि जवळची खूण पुरते. ही कार्डे पानाच्या दुकानावर किंवा काउंटरवर ठेवायची नाहीत, हातोहात बायकांनाच द्यायची. प्रत्येकीला दोन, एक तिचे आणि एक तिच्या शेजारणीचे. अशा कामाला हजार कार्डे लागतही नाहीत. आता डिजिटल छपाईत शंभरही मिळतात.

आणि नाव? 'अमुक यांच्या पत्नी' असे कार्डावर लिहिलेले वाचले की आम्हाला नवल वाटते. टाके तिने घातले आहेत. स्वतःचे नाव छापायचे नसेल तर कामाला नाव द्यावे, पण ते तिने निवडलेले असावे. घरातल्या पुरुषांनी या बाबतीत वडीलकी करण्यापेक्षा सिमचे रिचार्ज करून द्यावे.

आता वाचण्याचा प्रश्न. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के निघाली आणि लोकसंख्येत आदिवासी बांधव सुमारे ६९ टक्के. धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याच्या बाजारातून घरी जाणाऱ्या अनेकांना तुमच्या कार्डावरची सुंदर वळणदार अक्षरे काहीच सांगत नाहीत. हा प्रश्न नवा नाही. इंग्रजी अमलात मँचेस्टरच्या गिरण्यांचे कापड हिंदुस्थानात येई, तेव्हा ताग्यावर रंगीत चित्राचे लेबल चिकटवलेले असे. हत्ती, वाघ, राजे-महाराजे. गिऱ्हाईक गिरणीचे नाव वाचत नसे, चित्र ओळखून तोच छाप मागत असे. विलायतेतल्या व्यापाऱ्याला जे कळले ते आपल्या छापखान्यात विसरले गेले आहे. कार्डावर एक मोठे, ठळक चित्र ठेवा आणि तेच चित्र दुकानाच्या पाटीवरही रंगवा. कात्री, पाना, किटली, कुलूप, काहीही चालेल, पण शेजारच्या दुकानाचे तेच नको. नंबर एवढा मोठा छापा की म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय लावता यावा. पदव्या, 'आमच्याकडे सर्व प्रकारची', 'एक वेळ अवश्य भेट द्या' हे सगळे काढले की तेवढी जागा आपोआप निघते. क्यूआर छापायला हरकत नाही, पण डोंगरात नेटवर्क नसते तिथे नंबरच कामी येतो.

भाषा कोणती, हे गिऱ्हाईक ठरवते. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. तिथल्या दुकानाच्या कार्डावर गुजराती नसेल तर अर्धे गिऱ्हाईक गेले. अक्कलकुव्याला जामिया इस्लामिया इशाअतुल उलूममध्ये देशभरातून विद्यार्थी येतात, त्यांचे पालक त्यांना सोडायला आणि भेटायला येतात. तिथल्या खानावळीने किंवा लॉजने मराठीबरोबर उर्दू आणि हिंदीत कार्ड करावे आणि मागे स्टेशनकडे जाणाऱ्या बसच्या वेळा लिहाव्यात. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, तिथला घोडेबाजार देशभर नावाजलेला आहे. तिथे येणाऱ्या व्यापाऱ्यांशी व्यवहार करणाऱ्यांनी कार्डामागे सौद्याची चिठ्ठीच लिहावी. घोड्याचा रंग, दात, ठरलेली किंमत, इसार किती दिला, खोडी काय सांगितली. ही काही कायद्याची पावती नव्हे, पावती वेगळी करावीच. पण सहा महिन्यांनी फोनवर 'मी असे म्हणालोच नव्हतो' ही वेळ येत नाही, आणि खोगीर-लगामाचे पुढचे गिऱ्हाईकही त्याच कार्डावरून येते.

आपल्या समाजात एक कार्ड तर आपोआप जपले जाते, ते म्हणजे रमजानच्या सहर-इफ्तारच्या वेळांचे. अनेक दुकानदार ते छापतात आणि मागे दुकानाचे नाव टाकतात. कल्पना उत्तम आहे, कारण महिनाभर घरातले प्रत्येक माणूस दिवसातून दोनदा ते पाहते. पण त्यात एक घोटाळा होतो. मुंबईचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलून छापले जाते. नंदुरबार मुंबईच्या पूर्वेला सुमारे सव्वा ते दीड अंशावर आहे. रेखांशाच्या एका अंशाला ४ मिनिटे, म्हणजे एवढ्यानेच सुमारे ५ मिनिटांचा फरक पडतो, आणि ऋतूप्रमाणे तो थोडा कमी-जास्त होतो. इफ्तार पाच मिनिटे उशिरा झाली तर फक्त भूक लांबते. सहरमध्ये मात्र मुंबईच्या वेळेवर विसंबलेला माणूस वेळ संपल्यावरही खात बसेल. ज्याचे नाव कार्डावर आहे, रोजेदार त्यालाच धरणार. म्हणून वेळा गावातल्या मशिदीच्या इमामसाहेबांकडून तपासून घ्याव्यात आणि कोणत्या गावासाठी आहेत ते वर ठळक छापावे.

याच कार्डांवर, आणि एरवीच्या कार्डांवरही, अनेकजण बिस्मिल्लाह, एखादी आयत किंवा काबा शरीफचे चित्र छापतात. नीयत बरकतीची असते. पण कार्ड ही फेकली जाणारी वस्तू आहे. ती बाजाराच्या चिखलात पडते, नाल्यात जाते, पायदळी येते. जे आपण घरात उंच जागी ठेवतो ते हजार प्रती काढून रस्त्यावर सोडणे आम्हाला पटत नाही. ते दुकानात गल्ल्याच्या वर भिंतीवर लावावे.

रमजान दर वर्षी सुमारे ११ दिवस आधी येतो, तेव्हा छपाईला शाबान उजाडायची वाट पाहू नका, त्या दिवसांत छापखान्यात लग्नपत्रिकांचीही गर्दी असू शकते. आणि कार्ड कोणतेही असो, प्रूफ हातात आले की नंबर नुसता वाचून 'बरोबर आहे' म्हणू नका. घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी प्रूफ द्या आणि त्यावरचा एकेक आकडा पाहून फोन लावायला सांगा. तुमचा फोन वाजला तरच छापायला सांगा.